अल्बर्टाची सहल आखताना: आधी बुकिंग, मग नकाशा

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातली सहल फसते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक तर मोरेन लेक या तळ्याला नेणाऱ्या शटल बसचं तिकीट हातात नसतं, नाहीतर नकाशावर चार बोटांचं दिसणारं अंतर प्रत्यक्षात अख्खा दिवस खाऊन टाकतं. तळी, हिमनदी, डायनासोर, कॅल्गरीचा स्टॅम्पीड मेळा ही यादी कुणीही सांगेल. कोणतं बुकिंग कधी करायचं आणि कुठे किती वाजता पोहोचायचं, यावर मात्र इथली सहल उभी असते.

आधी अंतरं बघून घ्या. कॅल्गरी विमानतळापासून बॅन्फ सुमारे १४५ किमी, म्हणजे दीड ते पावणेदोन तास. बॅन्फपासून लेक लुईस साधारण ६० किमी. तिथून जॅस्पर २३२ किमी, पण हा रस्ता थांबत थांबत जायचा असल्याने पूर्ण दिवस धरा. जॅस्पर ते एडमंटन ३६५ किमी. डायनासोरांचं ड्रमहेलर कॅल्गरीपासून १३५ किमीवर आहे, पण डोंगरांच्या बरोबर उलट्या दिशेला. म्हणून 'बॅन्फला जाता जाता ड्रमहेलर' असं काही नसतं. त्याला स्वतंत्र दिवस द्यावा लागतो.

सात दिवस असतील तर एक दिवस ड्रमहेलर, तीन रात्री बॅन्फ किंवा कॅनमोर, एक दिवस आइसफील्ड्स पार्कवेचा (लेक लुईस ते जॅस्पर रस्ता) प्रवास, दोन रात्री जॅस्पर आणि परतीचा दिवस अशी विभागणी नीट बसते. पाचच दिवस असतील तर जॅस्परचा मुक्काम सोडा आणि कोलंबिया आइसफील्ड या हिमक्षेत्रापर्यंत जाऊन परत या. तीन दिवसांत फक्त बॅन्फ आणि लेक लुईस करा. कॅल्गरीहून एका दिवसात बॅन्फ, लेक लुईस, मोरेन आणि हिमनदी असा बेत बरेच जण आखतात. त्यात दिवसाचे आठ-नऊ तास गाडीत जातात आणि वाहनतळ शोधण्याखेरीज फारसं काही हाती लागत नाही.

कधी जावं

'उन्हाळा' हा शब्द इथे जपून वापरावा लागतो. लेक लुईसवरचा बर्फ बऱ्याचदा जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टिकतो. मोरेन लेक त्याहून उंचावर, सुमारे १,८८५ मीटरवर आहे आणि जूनच्या मध्यापर्यंत ते अर्धवट भरलेलं असतं. मे महिन्यात स्वस्तात तिकिटं मिळाली म्हणून निळं पाणी बघायला आलेल्यांना पांढरं-करडं गोठलेलं तळं दिसतं.

तो निळा-हिरवा रंग हिमनदीमुळे येतो. हिमनदी सरकताना खालचा खडक घासते, त्याचं अतिशय बारीक दगडी पीठ वितळलेल्या पाण्याबरोबर तळ्यात उतरतं आणि पाण्यात तरंगत राहतं. या कणांवरून निळा-हिरवा प्रकाश विखुरला जातो. म्हणजे रंग खुलायला हिमनदी भरपूर वितळावी लागते. जूनअखेर ते ऑगस्ट हा त्याचा काळ. ढगाळ दिवशीही रंग दिसतो, पण डोक्यावर ऊन आलं की तो खरा उठतो.

गर्दी जुलै-ऑगस्टमध्ये सर्वाधिक. याच दिवसांत वणव्यांचा धूर येऊ शकतो आणि कधी कधी समोरचा डोंगरही दिसेनासा होतो. त्यावर उपाय नाही, फक्त बेतात एखादा मोकळा दिवस ठेवा. आमच्या मते सर्वांत चांगले दिवस सप्टेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांचे. डास संपलेले, तळ्यांना रंग, आणि महिन्याच्या उत्तरार्धात लार्चची झाडं सोनेरी होतात. लार्च हा सूचिपर्णी असूनही पानं गाळणारा वृक्ष. ते सोनं जेमतेम दोन आठवडे टिकतं आणि त्या दोन आठवड्यांत मोरेन लेकला जुलैपेक्षाही जास्त झुंबड उडते, हेही लक्षात ठेवा.

हिवाळ्यात उणे वीस-तीस अंश सहज होतं. तेव्हा स्कीइंग, गोठलेल्या दऱ्यांतून चालणं आणि उत्तर ध्रुवीय प्रकाश यांसाठीच या. मोरेन लेकचा रस्ता साधारण जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडा असतो.

बुकिंगचा क्रम

पहिलं बुकिंग राहण्याचं. बॅन्फ गाव राष्ट्रीय उद्यानाच्या आत असल्यामुळे तिथे वाटेल तितकी हॉटेलं बांधता येत नाहीत. जुलै-ऑगस्टच्या खोल्या कित्येक महिने आधी संपतात आणि उरलेल्यांचे भाव डोळे पांढरे करतात. कॅनमोर हे गाव उद्यानाच्या हद्दीबाहेर, बॅन्फपासून साधारण २५ किमीवर आहे. स्वयंपाकघर असलेली घरं तिथे जास्त मिळतात आणि रोम (Roam) ही सार्वजनिक बस बॅन्फपर्यंत जाते. लहान मुलं किंवा वयस्क आई-वडील बरोबर असतील तर कॅनमोरच घ्या.

दुसरं बुकिंग गाडीचं. तिसरं शटलचं. चौथं हिमनदीची सफर आणि जॅस्परजवळच्या मलीन लेकची बोट. बॅन्फचा गोंडोला (रोपवे) अगदी शेवटी, हवामानाचा अंदाज पाहून घेतला तरी चालतं. तिकिटाचा दर दिवस आणि वेळेप्रमाणे बदलतो आणि सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या बऱ्याचदा स्वस्त पडतात.

उद्यानाचा पास

बॅन्फ, जॅस्पर, वॉटरटन आणि एल्क आयलंड या सगळ्या राष्ट्रीय उद्यानांना पार्क्स कॅनडा या सरकारी संस्थेचा एकच पास चालतो. शेजारच्या ब्रिटिश कोलंबियातली योहो आणि कूटनी उद्यानंही त्यात येतात. १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश फुकट. एका गाडीतल्या सात जणांपर्यंत कुटुंब किंवा गटाचा एक पास चालतो आणि त्याची किंमत साधारण दोन प्रौढांच्या पासइतकी असते. म्हणजे तिसरा प्रौढ आला की हा गटाचा पास फायद्यात.

दिवसाचा पास दुसऱ्या दिवशी दुपारी ४ पर्यंत चालतो. सकाळी घेतला तर जवळजवळ दोन दिवस वापरता येतो. मुक्काम सहा-सात दिवसांच्या पुढे जाणार असेल तर वर्षभराचा डिस्कव्हरी पास घ्या, कारण त्याची किंमत साधारण सात दिवसांच्या पासइतकीच आहे. ऑनलाइन मागवलेला डिस्कव्हरी पास टपालाने येतो, तेव्हा पर्यटकांनी तो उद्यानाच्या नाक्यावर किंवा माहिती केंद्रातच घ्यावा आणि गाडीच्या पुढच्या आरशाला लटकवावा.

ट्रान्स-कॅनडा हायवेने कुठेही न थांबता सरळ पुढे जाणाऱ्याला पास लागत नाही. आइसफील्ड्स पार्कवेला मात्र लागतोच, तिथे नाकाच आहे. काही वेळा सरकार प्रवेश माफ करतं, २०२५ च्या उन्हाळ्यात तसं झालं होतं. पण ती माफी प्रवेशापुरती असते. शटल, वाहनतळ आणि तंबूच्या जागा यांचे पैसे तेव्हाही पडतात.

मोरेन लेकला पोहोचायचं कसं

२०२३ पासून मोरेन लेकच्या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंदी आहे. पहाटे चार वाजता गेलं तरी वळणावर अडवतात. पर्याय तीन: पार्क्स कॅनडाचं शटल, रोमची बस किंवा खासगी कंपनीची गाडी. सूर्योदय बघायचाच असेल तर खासगी गाड्या सोयीच्या, पण माणशी बरेच जास्त पैसे मोजावे लागतात.

बहुतेकांसाठी पार्क्स कॅनडाचं शटल योग्य. त्याच्या जागा दोन टप्प्यांत सुटतात. साधारण ४० टक्के जागा एप्रिलमध्ये एकाच दिवशी खुल्या होतात. उरलेल्या ६० टक्के प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी ८ वाजता खुल्या होतात, माउंटन टाइमप्रमाणे, म्हणजे अल्बर्टाच्या वेळेप्रमाणे. गुरुवारी जायचं असेल तर मंगळवारी सकाळी ८ ला बसायचं. टोरोंटोतून बुक करत असाल तर तिथे तेव्हा १० वाजलेले असतील. हा दोन तासांचा फरक विसरून पुष्कळांची तिकिटं हुकतात.

पद्धत अशी. पार्क्स कॅनडाच्या आरक्षण संकेतस्थळावर खातं आधीच उघडून ठेवा, कार्डाचे तपशील हाताशी ठेवा. पावणेआठला लॉग इन करा. 'दिवसभराच्या भेटी' या विभागातून लेक लुईस शटल निवडा, तारीख आणि माणसं भरून ठेवा. मुलांचं तिकीट फुकट असलं तरी प्रत्येक मुलासाठी जागा नोंदवावी लागते, तान्ह्या बाळासाठीही. आठ वाजले की तासाभराच्या खिडक्या दिसू लागतात, जसं ९ ते १०. सकाळच्या खिडक्या आधी संपतात.

आणि ही युक्ती लक्षात ठेवा: मोरेनच्या जागा संपल्या तर लेक लुईसचं तिकीट घ्या. दोन्हीपैकी कोणत्याही तिकिटावर दोन तळ्यांमधली जोडबस मिळते. लेक लुईसला उतरा, तास-दोन तास थांबा आणि जोडबसने मोरेनला जा. तिथे आधी येईल त्याला आधी जागा असते, म्हणून हे दुपारच्या आत उरका.

शटल सुटतं ते लेक लुईसच्या स्की रिसॉर्टच्या वाहनतळावरून. तळ्याकाठून नाही आणि गावातूनही नाही. सगळ्यांत जास्त घोटाळा इथेच होतो: नकाशात 'लेक लुईस' टाकलं की फोन सरळ तळ्यावर नेतो, तिथे गाड्यांची रांग लागलेली असते आणि आपली तासाभराची वेळ निघून जाते. फोनमध्ये 'लेक लुईस पार्क अँड राइड' टाका आणि वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा. तिथे गाडी लावायला पैसे पडत नाहीत. परतीची वेळ ठरलेली नसते, रांगेत उभं राहायचं. शेवटच्या बसच्या भरवशावर राहू नका, संध्याकाळी रांग लांबते.

मोरेनला उतरल्यावर उजवीकडच्या काठाने चालू लागण्याआधी डावीकडच्या दगडांच्या ढिगावर चढा. पायऱ्या बांधलेल्या आहेत आणि जेमतेम दहा-पंधरा मिनिटं लागतात. चित्रात दिसतो तो देखावा वरूनच. तळ्यामागे ओळीने उभ्या दहा शिखरांची दरी, आणि हाच देखावा कॅनडाच्या जुन्या वीस डॉलरच्या नोटेवर होता. खालून बघितलं तर पाणी फिकं दिसतं, उंचीवरून त्याचा निळा गडद होतो. शरद ऋतूत इथल्या लार्च व्हॅलीच्या वाटेवर अस्वलांमुळे कमीत कमी चार जणांच्या गटानेच जाण्याची सक्ती कधी कधी लागू होते. दोघंच असाल तर वाटेच्या तोंडाशी दुसऱ्या जोडप्याची सोबत शोधायची, तिथे सगळे तेच करत असतात.

लेक लुईस आणि वरची चहाघरं

तळ्याच्या काठचा वाहनतळ उन्हाळ्यात सशुल्क आहे, एका दिवसाचे तीस डॉलरच्या वर पैसे पडतात, आणि तो बहुधा सूर्य उगवतानाच भरतो. शटलच बरं. सकाळची उन्हं व्हिक्टोरिया हिमनदीवर पडतात, दुपारनंतर सूर्य समोर येतो आणि फोटो काळपट येतात. होडी वल्हवायचा मोह आवरा, तासाचं भाडं शंभर डॉलरच्या वर जातं. सपाट काठाने तळ्याच्या टोकापर्यंत सुमारे दोन किमी चाललं तरी गर्दी निम्मी होते.

चालायची तयारी असेल तर लेक अॅग्नेसच्या चहाघराची वाट धरा. एका बाजूने साधारण साडेतीन किमी आणि ४०० मीटरची चढण. हे चहाघर १९०५ पासून चहा देतं आहे. तिथे वीज नाही, सामान पाठीवरून आणि हेलिकॉप्टरने वर जातं, म्हणून किमती बघून कुरकुर करू नये. बरोबर रोख पैसे ठेवा. अकरानंतर बसायला जागा मिळणं कठीण, तेव्हा आठ-साडेआठला निघा. सहा हिमनद्यांच्या पठारावरचं दुसरं चहाघर लांब आहे, जाऊन-येऊन दहा-अकरा किमी, पण हिमनदी जवळून दिसते ती तिथूनच. दोन्हींपैकी एकच जमणार असेल तर आमचं मत दुसऱ्याला.

बॅन्फ गावात

गावात गाडी लावणं महाग आणि त्रासाचं. रेल्वे स्टेशनजवळच्या मोठ्या वाहनतळावर गाडी ठेवा आणि चालत किंवा रोमच्या बसने फिरा. सल्फर माउंटनच्या गोंडोलाखालचा वाहनतळ दुपारपर्यंत भरून जातो. एक नंबरची बस दारापाशी सोडते.

गोंडोला आठ मिनिटांत २,२८१ मीटर उंचीवर नेतो. वर पोहोचून उपाहारगृहाच्या गच्चीवरूनच परतणारे खूप. साधारण एक किमीचा लाकडी मार्ग पुढे सॅन्सन शिखरापर्यंत जातो, तो चुकवू नका. तिथे १९०३ ची हवामान वेधशाळा आहे. नॉर्मन सॅन्सन हा गृहस्थ नोंदी घ्यायला हजाराहून अधिक वेळा हा डोंगर चढला, तेही गोंडोला नसताना. पैसे वाचवायचे तर तुम्हीही चढू शकता: एका बाजूने साडेपाच किमी आणि ६५५ मीटर, दोन ते तीन तास.

गरम झऱ्यांबाबत एक गल्लत नेहमी होते. 'केव्ह अँड बेसिन' हे ऐतिहासिक स्थळ आहे. १८८३ मध्ये रेल्वेच्या तीन कामगारांना ही गुहा सापडली आणि १८८५ मध्ये झऱ्यांभोवती राखलेल्या जागेतून कॅनडाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं. तिथे पाण्यात उतरता येत नाही, कारण त्या झऱ्यांत जगात इतरत्र कुठेही न सापडणारी चिमुकली गोगलगाय राहते. डुंबायचं असेल तर 'अपर हॉट स्प्रिंग्स'ला जा.

जॉन्स्टन कॅन्यन हा सोपा ट्रेल. खालचा धबधबा साधारण एक किमी, वरचा अडीच किमी. कड्याला बसवलेल्या लोखंडी पुलांवरून वाट जाते. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर जा. तिकडे नेणाऱ्या बो व्हॅली पार्कवेचा पूर्वेकडचा भाग १ मार्च ते २५ जून या काळात रात्री ८ ते सकाळी ८ वन्यप्राण्यांसाठी बंद असतो. वसंतात तिथे पहाटे जायचा बेत असेल तर हायवेने कॅसल जंक्शनपर्यंत जाऊन उलट्या बाजूने या.

आइसफील्ड्स पार्कवे

लेक लुईस ते जॅस्पर या २३२ किमीत मोबाइलचं नेटवर्क जवळजवळ कुठेच नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवा, निघण्यापूर्वी रस्त्याची स्थिती '५११ अल्बर्टा'वर बघा. पेट्रोल लेक लुईसलाच पूर्ण भरा. मध्ये सस्कॅचवान रिव्हर क्रॉसिंगला, साधारण ८० किमीवर, एकच पंप आहे. तो महाग आहे आणि हिवाळ्यात बंद असतो. जेवण बरोबर बांधून घ्या. थांब्यांवर साधी शौचालयं आहेत, पाणी नाही. कागद आणि सॅनिटायझर जवळ ठेवा.

सकाळी आठपर्यंत निघालात तर थांबे असे येतात. बो लेक रस्त्यालगतच, दहा मिनिटं पुरे. त्यानंतर लगेच पेटो लेक: वाहनतळापासून डांबरी पण चांगलीच चढाची वाट, पंधरा मिनिटं. तळ्याचा आकार वरून लांडग्याच्या डोक्यासारखा दिसतो. गुडघे दुखत असतील तर वरचा वाहनतळ विचारा, अपंग आणि वृद्धांसाठी सोय आहे. मिस्टाया कॅन्यनला फारसं कुणी थांबत नाही म्हणून ते छान.

साधारण १३० किमीवर कोलंबिया आइसफील्डचं केंद्र. या हिमक्षेत्रातलं पाणी पॅसिफिक, आर्क्टिक आणि हडसन बेमार्गे अटलांटिक अशा तिन्ही दिशांना जातं. अथाबास्का हिमनदी बघायचे मार्ग तीन. फुकटचा मार्ग म्हणजे रस्त्यापलीकडच्या वाहनतळावरून हिमनदीच्या टोकाच्या दिशेने चालत जाणं. वाटेत सालांचे फलक लावले आहेत, त्या त्या वर्षी बर्फ तिथवर होता. फलक मागे टाकत चालताना कळतं की सव्वाशे वर्षांत ही हिमनदी दीड किमीहून अधिक मागे सरकली आहे. दोरी ओलांडून बर्फावर पाय ठेवू नका. वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली खोल भेगा असतात आणि त्यांत पडून माणसं मेली आहेत, मुलंही.

दुसरा मार्ग आइस एक्सप्लोरर या अवाढव्य चाकांच्या बसचा. ती बर्फावर नेऊन वीस-पंचवीस मिनिटं उतरू देते. तिकिटात काचेच्या तळाचा स्कायवॉकही जोडून मिळतो, तो २०१४ मध्ये सुरू झाला आणि दरीपासून २८० मीटर उंच आहे. आई-वडिलांना बर्फावर उभं करायचं असेल तर हाच पर्याय. पायी चढू शकणाऱ्यांनी मात्र तिसरा मार्ग घ्यावा: वाटाड्याबरोबर, बुटांना काटेरी तळ बांधून, हिमनदीवर तीन-चार तास चालणं. पैसे थोडेच जास्त, अनुभव कितीतरी मोठा. कोणताही मार्ग निवडा, जुलैतही कानटोपी, हातमोजे आणि वाराबंद जाकीट हवंच. बर्फावरून उतरणारा गार वारा वाहनतळावर पाय ठेवताच अंगाला झोंबतो.

पुढे सनवाप्टा धबधबा आणि मग जॅस्परच्या ३० किमी अलीकडे अथाबास्का धबधबा. उंची फक्त २३ मीटर, पण अख्खी नदी एका अरुंद फटीत घुसते. फवाऱ्याने खडक निसरडे असतात, कठड्याच्या आतच राहा.

१ नोव्हेंबर ते १ एप्रिल या काळात या रस्त्यावर हिवाळी टायर बंधनकारक आहेत. भाड्याच्या गाडीला ते असतीलच असं नाही. बुक करताना मागून घ्या आणि गाडी ताब्यात घेताना टायरवर डोंगर आणि हिमकणाची खूण बघा.

जॅस्पर

जुलै २०२४ च्या वणव्यात जॅस्पर गावातल्या साधारण एक तृतीयांश इमारती जळाल्या. गाव पुन्हा उभं राहत आहे, पण खोल्या कमी आहेत आणि काही वाटा बंद असू शकतात. आदल्या दिवशी पार्क्स कॅनडाच्या पानावर ट्रेलची स्थिती तपासा.

मलीन लेकला स्पिरिट आयलंडची बोट घ्यायची असेल तर सकाळची पहिली किंवा दुसरी फेरी धरा, वारा कमी आणि पाणी स्थिर असतं. बोटीने किंवा स्वतः वल्हवत चौदा किमी गेल्याशिवाय ते बेट दिसत नाही, हे तळ्याकाठी उभं राहून शोधणाऱ्यांना उशिरा कळतं. वाटेतल्या मेडिसिन लेकचं पाणी तळातल्या भोकांतून जमिनीखाली जातं आणि मलीन कॅन्यनमध्ये बाहेर येतं. शरदात तिथे तळ्याऐवजी चिखलाचं मैदान दिसलं तर पत्ता चुकलेला नाही.

अस्वल, एल्क आणि अंतर

अस्वल, लांडगा, कूगर (डोंगरी सिंह) यांच्यापासून १०० मीटर आणि एल्क (मोठ्या जातीचं हरीण), इतर हरणं, रानमेंढ्यांपासून ३० मीटर लांब राहणं बंधनकारक आहे. लोक अस्वलाला घाबरतात आणि एल्कजवळ सेल्फीला जातात. मे-जूनमध्ये पिल्लं असलेली मादी आणि सप्टेंबरमध्ये माजावर आलेला नर, दोघंही अंगावर धावून येतात, तेही गावाच्या हिरवळीवर.

ट्रेलवर बेअर स्प्रे (अस्वलाला पळवणारा तिखट फवारा) कमरेला किंवा छातीच्या पट्ट्याला हवा. सॅकमध्ये ठेवलेला स्प्रे काही कामाचा नाही. निघण्याआधी मुदत बघा आणि सुरक्षा-खिट्टी एका हाताने काढून बघा. फवारा अस्वलाच्या तोंडासमोर, किंचित खाली धरून मारायचा. डासांच्या औषधासारखा तो अंगाला किंवा तंबूला लावू नका, वाळलेल्या फवाऱ्याचा वास उलट अस्वलांना खेचतो. चालताना मोठ्याने बोला. घुंगरांवर भरवसा नको, त्यांचा आवाज फार लांब जात नाही. रस्त्याकडेला अस्वल दिसलं तर गाडीतून उतरू नका. ड्रोन राष्ट्रीय उद्यानांत उडवता येत नाही.

ड्रमहेलर आणि डायनासोर

रॉयल टायरेल संग्रहालय १९८५ मध्ये उघडलं. किमान तीन तास द्या. मध्य मे ते ऑगस्टअखेर ते रोज उघडं असतं, बाकीच्या काळात बहुतेक सोमवारी बंद. तिकीट ऑनलाइन काढलं तर रांग टळते. टी-रेक्सच्या सांगाड्यापाशी गर्दी होते, पण खरी चीज म्हणजे बोरिअलोपेल्टा: २०११ मध्ये फोर्ट मॅकमरेजवळच्या खाणीत सापडलेला सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचा चिलखती डायनासोर. त्याची नुसती हाडं उरलेली नाहीत, कातडीवरच्या खवल्यांची नक्षी आणि काटे जसेच्या तसे दिसतात. समुद्राच्या तळाशी चटकन गाडला गेल्याने तो टिकला. दगड कोरून तो मोकळा करायला मार्क मिचेल या तंत्रज्ञाला सात हजारांहून अधिक तास लागले, म्हणून प्रजातीला त्याचं नाव दिलं आहे. काचेच्या बाजूला वाकून मानेवरच्या खवल्यांच्या ओळी बघा.

हुडू म्हणजे माथ्यावर कठीण दगडाची टोपी आणि खाली मऊ वालुकाश्माचा खांब. टोपी पडली की खांब झपाट्याने झिजतो, म्हणून त्यांच्यावर चढायला मनाई आहे. पाऊस पडून गेला असेल तर बॅडलँड्समध्ये, म्हणजे इथल्या झिजलेल्या उघड्या टेकड्यांत, चालायला जाऊ नका. इथल्या मातीत बेंटोनाइट आहे, ते भिजलं की फुगतं आणि साबणासारखं घसरतं. उन्हाळ्यात सावली नाही, पारा ३५ च्या वर जातो. माणशी दोन लिटर पाणी घ्या.

डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्क हे वेगळं ठिकाण आहे. ते ब्रुक्सजवळ, ड्रमहेलरपासून सुमारे दोन तासांवर आहे आणि १९७९ पासून जागतिक वारसास्थळ आहे. साडेसात कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म जिथे मिळतात तो मुख्य भाग वाटाड्याच्या सहलीशिवाय बघता येत नाही, म्हणून सहल आधी बुक करा. जीवाश्म उचलून नेणं गुन्हा आहे. सापडला तर हात न लावता फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि रेंजरला सांगा.

उरलेलं थोडक्यात

कॅल्गरी स्टॅम्पीड १९१२ मध्ये सुरू झालं. जुलैच्या सुरुवातीला शुक्रवारच्या मिरवणुकीने उघडतं आणि दहा दिवस चालतं. दुपारचा रोडिओ (काउबॉयांचे कसरतींचे खेळ) आणि संध्याकाळच्या घोडागाड्यांच्या शर्यती यांची तिकिटं वेगळी असतात. दोन्हींत मैदानाचा प्रवेश धरलेला असतो, तो पुन्हा विकत घेऊ नका. सीट्रेन या शहरी रेल्वेने व्हिक्टोरिया पार्क/स्टॅम्पीड स्थानकावर उतरा. सकाळी शहरभर फुकट पॅनकेकचे नाश्ते असतात. डोंगरांसाठीच येत असाल तर मात्र हे दहा दिवस टाळा, कॅल्गरीतली हॉटेलं दुप्पट महाग होतात.

दक्षिणेला फोर्ट मॅक्लाउडजवळ हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप आहे, १९८१ पासूनचं जागतिक वारसास्थळ. ब्लॅकफूट लोक आणि त्यांचे पूर्वज दगडांच्या ढिगाऱ्यांनी आखलेल्या मार्गांवरून रानगव्यांचे कळप हाकत कड्यावरून खाली पाडत. जवळजवळ सहा हजार वर्षं ही जागा वापरात होती आणि कड्याखाली हाडांचा सुमारे दहा मीटर जाड थर साठला आहे. वाहनतळावर वारा इतका असतो की गाडीचं दार धरूनच उघडा. वॉटरटन लेक्स याच वाटेवर पुढे. एडमंटनला मुक्काम असेल तर वेस्ट एडमंटन मॉलपेक्षा आम्ही एल्क आयलंडचे गवे सुचवू, तासाभरापेक्षा कमी अंतर आहे.

पैशांचं बोलायचं तर अल्बर्टात प्रांताचा विक्रीकर नाही, फक्त ५ टक्के जीएसटी. उपाहारगृहात १५ ते २० टक्के टिप धरून चला. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्यात सोडली तर वेगळं शुल्क लागतं, ते विमानभाड्यातल्या बचतीशी ताडून बघा. परतताना बेअर स्प्रे विमानात नेता येत नाही, हातातल्या सामानात नाही आणि चेक-इनमध्येही नाही. निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या काउंटरवर द्या, पुढच्या पाहुण्याला उपयोगी पडतो.